कामगार कोणी नाहीत

होळीची राख थंड झाली की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कोणीतरी गच्चीवर मिरच्या वाळत घालतं आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागते : गच्चीवर मिरच्या वाळवू नयेत, रहिवाशांना त्रास होतो. मी नोटीस नीट वाचते, गच्चीवर जाते, त्या मिरच्यांजवळ मुद्दाम उभी राहते आणि दोन शिंका देऊन खाली येते. मग बरं वाटतं. लोकांचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, माझं शिंकेने.

कारण माझी आई घाटकोपरला, असल्फ्याच्या चढावर, शालनकाकूंच्या मसाला कांडपात मिरच्यांची देठं मोडायची. मोडायची म्हणजे काय, अजून मोडते. अडुसष्टाव्या वर्षी. 'आता पुरे कर' म्हटलं की म्हणते, "तू हापिस सोड, मग मी सोडतंय."

कांडप म्हणजे एक लांबट खोली. मागच्या भिंतीशी चार लोखंडी उखळं आणि त्यांत मोटरवर धाडधाड वरखाली होणारी चार मुसळं. पुढच्या भागात जमिनीवर गोणपाट, त्यावर मिरच्यांचे ढीग आणि ढिगांभोवती पाटावर बसलेल्या बायका. नऊ पाट, नऊ बायका. होळीपासून मेअखेरपर्यंत सकाळी आठ ते संध्याकाळी सहा देठं मोडायची, धणे-बडीशेप-दगडफूल भाजायचं, कुटलेलं चाळायचं. बाकीच्या दिवसांत हळद, चकलीची भाजणी, मेतकूट. बारा महिने काम, पण काम अंगावर यायचं ते याच दोन-अडीच महिन्यांत.

गिऱ्हाईक आपल्या मिरच्या घेऊन आलं की निघून जात नाही, हे तिथलं वैशिष्ट्य. आपली मिरची दुसऱ्याच्या मिरचीत मिसळू नये म्हणून प्रत्येक बाई आपल्या उखळासमोर शेवटपर्यंत बसून राहते. तोंडाला पदर, डोळ्यांतून धारा आणि गप्पा चालू. मुलींची लग्नं, नणंदांची भांडणं, कोणाची बायोप्सी, सगळं त्या धाडधाडीत ओरडून सांगितलं जातं. शालनकाकूंना घराघराचं प्रमाण पाठ. राणेंच्या मसाल्यात त्रिफळ जास्त, कारण त्यांच्याकडे बांगडा जास्त. परबांच्या सासूबाई गेल्यापासून लवंगी मिरची अर्धी, सुनेला झेपत नाही. आईच्या शेजारच्या पाटावर बसणाऱ्या कमलताई साताऱ्याकडच्या. त्यांच्या वस्तीतल्या घरांचा कांदा-लसणाचा मसाला त्यांच्याच देखरेखीखाली व्हायचा. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी त्या पांढरी साडी नेसून सकाळीच कांडपावर पेढे देऊन जायच्या आणि त्या दिवशी त्यांच्या पाटावर दुसरी कोणी बसायची नाही.

लहानपणी मला या सीझनचा राग यायचा. या दिवसांत आई मला हात लावायची नाही. बेसन लावून, खोबरेल चोळून हात धुतले तरी मिरची बोटांच्या रेषांत असतेच. एकदा तिने विसरून माझ्या डोळ्यातलं कुसळ काढलं आणि मी दीड तास नळाखाली डोकं धरून बोंबलत होते. तेव्हापासून मी रडले की ती मनगट पुढे करायची. मनगटाने माझे गाल पुसायची. इतर मुलींच्या आयांना बोटं होती, माझ्या आईला होळीपासून पावसापर्यंत नुसती मनगटं. दहावीच्या परीक्षेला माझ्या कंपासपेटीलासुद्धा मिरचीचा वास होता. पर्यवेक्षक बाई माझ्या बाकापाशी आल्या की शिंकायच्या, आणि मी मान खाली घालून लिहीत राहायचे.

शाळेचा फॉर्म दरवर्षी मीच भरायचे, कारण माझं अक्षर चांगलं. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी लिहायचे, 'गृहिणी'. असं लिही म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. तो शब्द छान दिसायचा, स्वच्छ, बिनवासाचा. मग मी फॉर्म आईपुढे धरायचे आणि चौथी शिकलेली माझी आई खाली सही करायची. तिला फार वेळ लागायचा. मला वाटायचं, सही करायला लागतोय.

पण या दिवसांत खरा आठवतो तो चार वर्षांपूर्वीचा सीझन. तो आठवला की माझं डोकं फिरतं, आणि फिरायलाच हवं, कारण त्याची सुरुवात मी केली.

मी अंधेरीला एका जाहिरात कंपनीत मराठी मजकूर लिहिते. त्या वर्षी जानेवारीत आमच्याकडे एक स्टार्टअप आलं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, ते ॲप आता उघडतच नाही. आजीच्या चवीचा मसाला दहा मिनिटांत तुमच्या दारात, अशी कल्पना. संस्थापक तिशीच्या आतला, अतिशय गोड बोलणारा, पायांत शुभ्र बूट. भिंतीवर चित्र दाखवत तो म्हणाला, या शहरात हजारो बायकांच्या हातात कला आहे, पण काम नाही. आम्ही त्यांना काम देणार. मला भरून आलं. खरंच आलं, खोटं कशाला बोलू? मी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. म्हटलं, मला एक जागा माहीत आहे.

म्हणजे बघा. ज्या बायका पंचवीस-पंचवीस वर्षं काम करत होत्या, त्यांच्या हातात काम नाही असं तो म्हणाला आणि त्यांतल्याच एकीची मुलगी मी, मान डोलावत होते!

तो कांडपावर आला. नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहिला. काकूंनी त्याला कोकम सरबत दिलं. त्याने विचारलं, तुमच्या मसाल्याचं प्रमाण सांगाल का?

"कोणाच्या घरचं?" काकू.

"असं नाही काकू. सगळ्यांना चालेल असं एक."

"सगळ्यांना चालतं ते मीठ रे बाबा. मसाला ज्याचा त्याचा."

तो हसला आणि त्याने ते वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, हे पाकिटावर घेऊया. ज्या पाकिटात एकच मसाला सगळ्यांना जाणार होता, त्याच पाकिटावर. आणि मी ते घेतलं. जरा सफाईदार करून.

मालाडला त्यांनी जागा घेतली होती. पांढऱ्या फरशा, पंखे, गुलाबी ॲप्रन, केसांना जाळीची टोपी. बायकांना तिथे बोलावलं. बायका काकूंकडे बघायला लागल्या. काकूंनी मिरचीवरून मान वर न करता सांगितलं, "जा गो. पंखो आसा थंय. इथे डोळे फोडून काय मिळणार आहे तुम्हांला?" काकूंनी अडवलं असतं तर कोणी गेलं नसतं. त्यांना ते माहीत होतं, म्हणून तर अडवलं नाही.

नऊच्या नऊ गेल्या. आईसुद्धा. आईला पंख्याचं काही नव्हतं, तिला ते गळ्यातलं कार्ड हवं होतं. फोटो, खाली नाव, सुलभा महादेव सावंत, आणि नावाखाली 'मसाला ताई'. आयुष्यात पहिल्यांदा आईचं नाव छापलं गेलं होतं. रेशनकार्ड सोडून. ती ते कार्ड घालून भाजीला जायची. भाजीवाल्याने विचारावं म्हणून जरा जास्त वेळ दुधी निवडायची.

त्या चैत्रात मी एकदा काकूंकडे गेले, तर तीन मुसळं बंद होती. काकू एकट्या गोणपाटावर बसून देठं मोडत होत्या. ॲपवर पहिला महिना मसाला जवळजवळ फुकट वाटत होते. राणेंच्या सुनेने पाकीट मागवलं होतं, परबांच्यासुद्धा. कोण गोण्या घेऊन चढ चढणार? आठ पाट भिंतीला टेकवून ठेवले होते. आईचा तेवढा काकूंनी तसाच ठेवला होता, त्यावर त्यांचा चष्म्याचा डबा. माझ्याशी त्या एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आणि मे संपायच्या आत, एका दुपारी आई फोन घेऊन माझ्याकडे आली. "बघ गो, काय लिवलंय. सुट्टी दिलेली दिसता."

मेसेज इंग्रजीत होता. आमच्या या प्रवासाचा भाग झाल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. आम्ही आता नव्या दिशेने जात आहोत. तुमच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. शेवटी एक गुलाबी हृदय. मी तो दोनदा वाचला, कारण 'उद्यापासून येऊ नका' असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझं कामच शब्दांचं आहे, मला कळतं की हे लिहायला कोणीतरी बराच वेळ घालवला असणार. काम काढून घेण्याचा निरोप, तोही त्या बाईला वाचता येत नाही अशा भाषेत आणि वर हृदय! अरे, निदान समोर उभं राहून सांगायची तरी हिंमत करायची. कापडगिरणी बंद झाली तेव्हा शालनकाकूंच्या यजमानांना दारावरची नोटीस तरी मराठीत वाचायला मिळाली होती.

"सुट्टीच," मी आईला म्हटलं. "मोठी आहे."

आईला कळलं. तिने कार्ड काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती कांडपावर होती. काकूंनी चष्म्याचा डबा उचलला आणि म्हणाल्या, "बस." एवढंच. स्वागत नाही, टोमणा नाही.

नऊ गेल्या होत्या, सात परत आल्या. पुष्पाताई आणि रेखाताईंना पुरेल एवढं काम काकूंकडे उरलं नव्हतं, कारण गेलेली गिऱ्हाइकं सगळी परतली नाहीत. ॲप बंद झालं, पण पाकिटाची सवय राहिली. पुष्पाताई टॉवरमध्ये धुण्याभांड्याला लागल्या. रेखाताई गावाला गेल्या. त्यांचे दोन पाट अजून भिंतीला टेकलेले आहेत. काकू ते दर शनिवारी पुसतात.

आता ऐका पुढचं. त्याच वर्षी थंडीत वांद्र्याच्या एका बड्या हॉटेलात रोजगार निर्माण करणाऱ्या तरुण उद्योजकांचा सत्कार होता. आमच्या कंपनीलाही आमंत्रण होतं. आपला तो शुभ्र बूटवाला व्यासपीठावर. पडद्यावर भला मोठा आकडा, इतके रोजगार निर्माण केले म्हणून. आकड्यामागे एक फोटो होता. गुलाबी टोपी घातलेली, लाजून हसणारी एक बाई. माझी आई.

ती तेव्हा, त्या क्षणी, असल्फ्याच्या चढावर पाटावर बसून हळकुंडं निवडत होती. आणि इथे तिच्यासाठी निर्माण केलेल्या नोकरीला टाळ्या पडत होत्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत असले की हात आपोआप वाजतात. नंतर वॉशरूममध्ये जाऊन मी ते हात साबणाने धुतले. धुऊन काय होतंय?

तेव्हापासून मला हा हिशेबच कळेनासा झालाय. दुसऱ्याच्या झाडाचा आंबा काढून आपल्या टोपलीत ठेवला तर त्याला आंबा पिकवला म्हणतात का? नऊ बायकांचं असलेलं काम उचललं, तीन महिने गुलाबी टोपी घातली, त्याला म्हणायचं निर्मिती. मग दोघींचं काम कायमचं गेलं, ते कुठल्या पडद्यावर दाखवायचं? स्टार्टअपवाले सगळे लबाड असतात असं मी म्हणत नाही. माझा स्वतःचा पगार त्यांच्यावर चालतो, मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण एक बाई काहीही 'उभारत' नाही, कुठे भाषण करत नाही, नुसती रोज आठ वाजता दार उघडते आणि त्या दारातून नऊ चुली पेटतात. तिच्यासाठी एक नारळ आणि शाल आणायची कोणाला कधी सुचू नये? सत्कार नको, निदान मोजा तरी. मला वाटायचं, कोणी मोजायला येतच नाही. तसं नव्हतं, हे गेल्या शनिवारी कळलं.

शनिवारी मी माझ्या मिरच्या घेऊन कांडपावर गेले होते. बेडगी, संकेश्वरी आणि थोडी काश्मिरी, दरवर्षीसारखी. कांडपासमोर आता बावीस मजली टॉवर झालाय. तिथल्या लोकांनी तक्रार केली होती, की शिंका येतात, मुलांचे डोळे चुरचुरतात, हे इथून हलवा. तक्रार अगदीच खोटी नाही, मिरची आहे, चुरचुरणारच. तिची तपासणी करायला पालिकेचे एक साहेब आले होते. पन्नाशीचे, घाम पुसत, हातात फाईल. माणूस वाईट नव्हता. एखादी जाळी, धुराडं काही बसवता येईल का, असंही त्यांनीच विचारलं. मग फाईल चाळत म्हणाले, "काकू, तुमच्या जुन्या नोंदीत कामगार शून्य दाखवलेत. तसंच आहे ना अजून? म्हणजे बंद झालं तर तुमचं एकटीचंच नुकसान. मग वरचे लोक फार विचार करणार नाहीत, सांगून ठेवतो."

आणि शालनकाकू, सात बायकांच्या मधोमध बसून, ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "कामगार कोणी नाहीत साहेब. सगळ्या घरच्याच."

मी गार पडले. म्हणजे इतकी वर्षं, जो कोणी कागद घेऊन आला, त्याला ह्या हेच सांगत आल्या होत्या!

"काकू, काय बोलताय तुम्ही?" मी जवळजवळ ओरडलेच. "मग या कोण आहेत? हवा खायला बसल्यात का? त्या पांढऱ्या बूटवाल्याने ह्यांना तीन महिन्यांत मोजलं आणि तुम्ही तीस वर्षांत नाही मोजलंत!"

काकूंनी मोटर बंद केली. त्या धाडधाडीनंतरची शांतता कानाला दुखते.

"आमचे हे गिरणी कामगार होते," काकू म्हणाल्या. "सगळे त्यांना कामगारच म्हणायचे. कामगार, कामगार, आणि एक दिवस काढलं. तेव्हाच मी ठरवलं, माझ्या दारात कोणाला कामगार म्हणायचं नाही. कामगाराला काढता येतं गो. घरच्याला कोण काढतं?"

माझा सगळा संताप ज्या माणसांवर होता, त्यांच्या यादीत काकू बसत नव्हत्या आणि तरी चूक त्यांचीच होती. असली चूक तीच माणसं करतात, ज्यांनी कधी कोणाला काढलेलं नसतं.

कमलताई उठल्या. पदराने मिरचीची धूळ झटकली. "शालन, तू घरची म्हणतेस ते खरंच आहे. पण यांच्या कागदात घरची बाई दिसत नाही बघ. कागदाला कामाचीच दिसते." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "घ्या साहेब. कमल भिकाजी कांबळे. मसाला भाजते. बावीस वर्षं झाली."

साहेबांनी पेन पुढे केलं आणि कमलताईंचे लाल हात बघून मागे घेतलं. ते पेन मग माझ्याकडे आलं. "तुम्हीच लिहा बाई. नाव, वय, व्यवसाय. खाली त्यांच्या सह्या घेऊ, हात धुऊन."

एकेक बाई सांगत गेली, मी लिहीत गेले. कोणी चाळते, कोणी निवडते. काकू म्हणाल्या, "माझं पण लिही. मालकीण नको. मी पण देठंच मोडते." पाचवं नाव, सहावं नाव. "त्या दोन पाटांवरच्या दोघी?" काकूंनी विचारलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. हजर असतील त्याच लिहायच्या. काकूंनी भिंतीकडे बघितलं आणि पुढची मिरची उचलली. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. सात आणि एक आठ नावांनी कांडप वाचेल की नाही, ते साहेबांनाही सांगता आलं नाही.

आई चाळणीपाशी होती, ती सगळ्यांत शेवटी आली. मी तिचं नाव लिहिलं, सुलभा महादेव सावंत. वय अडुसष्ट. पुढचा रकाना, व्यवसाय. आणि माझा हात थांबला. त्या रकान्यात तिच्या नावापुढे माझ्या हाताला एकच शब्द लिहायची सवय होती, वळणदार, स्वच्छ.

आई माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत होती.

"लिव गो," ती हळूच म्हणाली. "आता तरी लिव. दरवर्षी सही करताना वाचलंय मी."

मी लिहिलं. अक्षर काही चांगलं आलं नाही, कागद दिसतच नव्हता. आईने हात मागे घेतले आणि मनगट पुढे केलं.